मोगलीच्या मुलखात, राजाच्या अंकुशाच्या मागावर

जबलपूर म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक धुवांधार धबधबा आणि दुसरी भेडाघाटचे संगमरवरी कडे. सकाळी गाडीने उतरायचे, दुपारी नावेत बसायचे, संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती पाहायची, बडा फुहाऱ्याजवळ खव्याची जिलेबी खायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा साधारण दीड दिवसाचा बेत असतो. त्यात वाईट काहीच नाही. पण घरात गोष्टी वाचणारी किंवा निदान गोष्टींचे चित्रपट पाहणारी मुले असतील, तर या गावाला आणखी दोन दिवस द्यावेत, असे आम्ही अगदी आग्रहाने सांगू. कारण जगभरच्या मुलांनी ज्या अद्भुत कथा डोक्यावर घेतल्या, त्यांतल्या काहींची मुळे याच परिसरात रुजलेली आहेत.

सुरुवात रेल्वेपासूनच करा. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी अशा दोन लोहमार्गांची गाठ जबलपूरला पडली आणि देशाच्या दोन टोकांमध्ये सलग आगगाडी धावू लागली. ही बातमी युरोपात गाजली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही कादंबरी लिहिली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांतच. गंमत अशी, की कादंबरीत मात्र खोल्बी नावाच्या एका काल्पनिक ठिकाणी रूळ संपतात आणि नायक फिलिआस फॉगला अलाहाबादपर्यंत हत्तीवरून जावे लागते. प्रत्यक्षात तेव्हा गाडी बिनबोभाट जात होती! पण हत्ती नसता तर गोष्टीत मजा कुठून आली असती? पुढे १९५६ साली या कादंबरीवर हॉलिवूडने भव्य चित्रपट काढला. त्यात नायक बलूनमध्ये बसून उडतो. आता कुणालाही विचारा, त्या गोष्टीतले काय आठवते, तर तो बलून सांगेल. व्हर्नच्या पुस्तकातल्या प्रवासात बलून नाहीच. पडदा असा पुस्तकाच्या खिशात हळूच आपले नाणे टाकून ठेवतो आणि नंतर ते नाणे मूळचेच वाटू लागते.

नावाड्याची बडबड आणि कड्यावरची पोळी

आम्ही यंदाच्या थंडीत ताई, भाऊजी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी यांच्याबरोबर जबलपूरला गेलो होतो. भाऊजींचे घर भंडाऱ्याचे. नागपूरहून गाडीने निघालो तर सिवनीमार्गे जबलपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर पडते. रस्ता उत्तम आहे.

भेडाघाट शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पंचवटी घाटावरून नावा सुटतात. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर फुटांचे पांढरे, निळसर, कुठे गुलाबी, कुठे काळे कडे आणि मधून गप्प वाहणारी नर्मदा. वर्णन खूप झाले आहे, तेव्हा आम्ही ते करत नाही. पण इथल्या नावाड्यांबद्दल लिहिलेच पाहिजे. वल्ही मारता मारता ही मंडळी यमके जुळवत जी बडबड करतात, तिला तोड नाही. या खडकात मोटार दिसते, त्या खडकात हत्ती दिसतो, इथे राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चे गाणे झाले, तिथे २००१ साली शाहरुख खानचा ‘अशोका’ झाला, पलीकडे २०१६ च्या ‘मोहेंजो दारो’त हृतिक रोशन मगरीशी झुंजला, असे सगळे एका श्वासात येते. कडे जिथे फार जवळ येतात त्या जागेला ‘बंदरकुदनी’ म्हणतात. पूर्वी म्हणे माकडे इथून पलीकडे उड्या मारत. ‘माकडे’ हा शब्द ऐकताच भाचीने मान वर केली आणि विचारले, “मावशी, मग किंग लुई इथेच राहायचा का गं?”

किंग लुई म्हणजे डिस्नेच्या ‘जंगल बुक’मधला तो गाणारा, नाचणारा ओरांगउटान वानर. आता तिला काय सांगावे? ओरांगउटान भारतात नाहीतच. रडयार्ड किपलिंगच्या मूळ पुस्तकात हा राजा औषधालाही सापडत नाही. तिथे माकडांना, म्हणजे ‘बंदरलोगां’ना राजा नाही, कायदा नाही, आठवण नाही, आणि हेच तर त्यांचे वैशिष्ट्य आहे. राजा नसलेल्या माकडांना १९६७ साली पडद्याने एक राजा दिला. २०१६ च्या चित्रपटात तो आणखी अवाढव्य झाला.

पण त्या नावेतच भाचीला दाखवण्यासारखे खरोखरचे काहीतरी होते. कड्यांच्या कपारींखाली काळसर, लांबट, पखालीसारखी काहीतरी लोंबत असतात. ती आग्यामोहोळाची पोळी. इथे बिडी-सिगारेट ओढू नका, दगड मारू नका, असे नावाडी बजावतात, ते उगीच नाही. कॅप्टन जेम्स फोरसाइथ या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या डोंगररानांवर १८७१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. रेल्वेच्या पाहणीसाठी आलेल्या एका अभियंत्यावर याच घळईत मधमाश्या कशा तुटून पडल्या, त्याने जीव वाचवायला नदीत उडी कशी घेतली आणि तो बुडून कसा मेला, ही हकीकत त्यात आहे.

आता किपलिंगच्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मधली रानकुत्र्यांची गोष्ट आठवा. दक्षिणेकडून शेकडो तांबड्या रानकुत्र्यांची धाड मोगलीच्या लांडग्यांवर चालून येते. समोरासमोर लढून निभाव लागायचा नाही. तेव्हा मोगली अंगाला रानलसूण चोळतो, झाडावर बसून कुत्र्यांच्या पुढाऱ्याला चिडवतो, त्याची शेपटी सुरीने कापतो आणि अख्ख्या टोळीला मागे लावून पळत सुटतो तो थेट कड्याच्या टोकापर्यंत. त्या कड्याच्या भेगांमध्ये पिढ्यान् पिढ्या मधमाश्यांची वस्ती आहे. जाता जाता माश्या उठवून तो खाली नदीत उडी घेतो आणि पाण्यात वाट पाहणारा अजगर का त्याला झेलतो. मागून येणारे कुत्रे मात्र माश्यांच्या तावडीत सापडतात. कथेत नदी वैनगंगा आहे. पण असे कडे आणि अशी पोळी पाहायची तर भेडाघाटलाच यावे लागते, आणि किपलिंगने नर्मदेची ही घळई उचलून वैनगंगेवर नेऊन ठेवली असावी असे आम्हाला तरी वाटते.

नावेत बसून ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरगी पोळ्यांकडे पाहत गप्प बसली. नावाडीसुद्धा दोन मिनिटे गप्प होता, आणि भेडाघाटला हे दुर्मीळच! डिस्नेच्या दोन्ही गाजलेल्या चित्रपटांनी ही गोष्ट घेतलेली नाही. ज्या प्रसंगासाठी जग पालथे घालून छायाचित्रकारांनी यायला हवे होते, तो प्रसंग अजून पुस्तकातच पडून आहे.

बालू मास्तर आणि का गुरुजी

पुस्तक चांगले की चित्रपट, हा वाद प्रत्येक घरात होतो. बहुतेक आई-वडील पुस्तकाच्या बाजूने बोलतात आणि रविवारी दुपारी स्वतः पडद्यापुढे बसतात. म्हणून चित्रपटाला सरसकट नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी ‘जंगल बुक’ हिंदीतून लागत असे, तेव्हा गल्ल्या ओस पडत. गुलजारांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज! त्या आवाजाने शेरखान जेवढा घराघरांत पोहोचला तेवढा पुस्तकाने पोहोचला नसता, हे मान्य केलेच पाहिजे. २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानच्या तोंडी नानाच होते. तो चित्रपट तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तयार झाला. एक मुलगा खरा, बाकी सारे रान संगणकावरचे. तरीही पाहताना अंगावर काटा येतो.

गडबड आहे ती पात्रांच्या स्वभावात. पडद्यावरचा अस्वल बालू हा खुशालचेंडू, मध खाऊन लोळणारा. पुस्तकातला बालू मास्तर आहे. तो लांडग्यांच्या पिल्लांना जंगलाचा कायदा शिकवतो आणि प्रसंगी मोगलीला चोपही देतो. पडद्यावरचा अजगर का दुष्ट आहे. पुस्तकात तो मोगलीचा मित्र, वडीलधारा सल्लागार, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवणारा. काळा बिबट्या बघीरा पुस्तकात उदेपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात जन्मलेला आहे. म्हणून तर त्याला माणसांची नस ठाऊक. चित्रपटात हा तपशील गळला की बघीरा नुसताच एक शहाणा प्राणी उरतो. आणि शेरखानचा शेवट? पुस्तकात मोगली म्हशींच्या कळपाचे दोन भाग करून त्याला ओढ्याच्या घळईत कोंडतो आणि तुडवून मारवतो. गुराख्याच्या पोराने गुराख्याच्या अकलेने केलेली ही शिकार आहे. पडद्यावर १९६७ साली त्याच्या शेपटीला जळकी फांदी बांधली, २०१६ साली त्याला आगीत पाडले. विदर्भातल्या कुठल्याही गुराख्याला विचारा, यातले खरे कोणते वाटते!

मोगली मोठेपणी काय झाला, हेही फार थोड्यांना माहीत असते. किपलिंगने मोगलीची पहिली कथा १८९३ साली लिहिली, तीत तो तरुण आहे आणि चक्क जंगल खात्याच्या नोकरीला लागतो, पेन्शनसकट. अशी अखेर हॉलिवूडला परवडणारी नाही, पण आपल्या वाचकांना ती पटेल.

जबलपूरच्या मुक्कामी रात्री पुस्तक काढले तेव्हा भाची प्रथम नाराजच होती. चित्रे नाहीत, गाणी नाहीत आणि इंग्रजी अवघड. मी वाचत होते आणि वाचता वाचता मराठी करून सांगत होते. दोन पानांत ‘वैनगंगा’ हा शब्द आला. ती उठून बसली. वैनगंगा म्हणजे आजीच्या गावची? हो, तीच. सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे बालाघाट, भंडारा, पवनी करत गडचिरोलीकडे जाते. उन्हाळ्याच्या सुटीत जिच्या पुलावरून आजोबांनी नाणे टाकायला शिकवले ती. मोगलीची नदी आपली नदी आहे, ही गोष्ट एकाही चित्रपटाने तिला सांगितली नव्हती. कशी सांगणार? पडद्यावर रान हे कुठलेही रान असते, त्याला तालुका नसतो. त्या रात्री साडेअकरापर्यंत दिवा चालू राहिला आणि ताईची बोलणी आम्ही दोघींनी खाल्ली.

शापित अंकुश

आता या लेखाच्या नावातल्या अंकुशाकडे वळू. अद्भुत कथांमध्ये एखादे शस्त्र असतेच. कुणाची तलवार, कुणाचे धनुष्य, कुणाची जादूची काठी. ‘जंगल बुक’मधले असे शस्त्र म्हणजे राजाचा अंकुश. हत्तीला आवरण्यासाठी माहुताच्या हातात असतो तो, पण रत्नजडित. वर मोठे लाल माणिक, दांड्यावर पाचू आणि फिरोजा. जंगलात बुडालेल्या ओसाड नगरीच्या तळघरात खजिना आहे आणि एक म्हातारा पांढरा नाग त्याची राखण करतो. मोगली तिथून हा अंकुश उचलून आणतो, कारण त्याला तो चकाकताना आवडतो. पण हे हत्तीचे डोके टोचण्याचे हत्यार आहे असे बघीराकडून कळताच तो ते फेकून देतो. दुसऱ्या दिवशी दोघे मित्र अंकुशाचा माग काढतात. तो एका माणसाला सापडला, त्याला एका गोंड शिकाऱ्याने मारले. गोंडाला चौघांनी मारले. चौघांतल्या एकाला तिघांनी मारले आणि त्या मेलेल्याने आधीच भाकरीत विष कालवून ठेवले होते, म्हणून तिघेही गेले. एका रात्रीत सहा माणसे. मोगली अंकुश परत नागाच्या तळघरात टाकून देतो.

या कथेचे बीज फार जुने आणि आपल्याच मातीतले आहे. बौद्धांच्या वेदब्भ जातकात धनासाठी एकमेकांना मारणारे चोर आणि विष कालवलेले अन्न हे सारे आहे. चित्रपटांनी या अंकुशाचे काय केले? १९४२ साली म्हैसूरकडच्या साबूला मोगली करून चित्रपट निघाला, त्यात खजिन्याच्या लोभाने एकमेकांचा घात करणारी माणसे आहेत. १९९४ च्या चित्रपटात अंकुशाच्या जागी रत्नजडित कट्यार आली, कारण हत्तीचा अंकुश परदेशी प्रेक्षकाला समजावणार कोण! पण तिथेच कथेचा कणा मोडला. कट्यार ही लढाईची वस्तू, नायकाच्या हातात शोभून दिसते. अंकुश हा दुसऱ्याला टोचून चालवण्यासाठी असतो, म्हणून मोगलीला त्याचा वीट येतो.

आणि हे सारे गोंडांच्या मुलखात घडते याला अर्थ आहे. जबलपूरचा गढा भाग ही गोंड राजांची राजधानी. मदनमहालचा छोटासा किल्ला आणि त्याच्या वाटेवरचा, एका टोकावर तोललेला तो प्रसिद्ध खडक पाहायला सगळे जातात. १९९७ च्या भूकंपातही तो खडक जागचा हलला नाही, हे गाइड न विचारता सांगतो. इथली राणी दुर्गावती माहेरची चंदेल. अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा ती सरमन नावाच्या हत्तीवरून लढली. बाणांनी जखमी झाली, शत्रूच्या हाती सापडण्याची वेळ आली तेव्हा तिने स्वतःच्या हाताने खंजीर खुपसून घेतला. तारीख २४ जून १५६४. मंडल्याच्या रस्त्यावर बरेल्याजवळ नर्रई नाल्याकाठी तिची समाधी आहे. तिथे पांढरे खडे वाहण्याची रीत आहे. आम्हीही वाहिले.

पण त्यानंतरची कथा मोगलीच्या अंकुशाची आठवण करून देणारी आहे. आसफखानाने चौरागढ किल्ला घेतला. तिथे जवाहिर, सोन्याच्या मूर्ती आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या मोहरांनी भरलेले शंभरावर हंडे त्याला मिळाले, असे अबुल फझल लिहितो. हत्तीच हजार होते. बादशहाला त्याने पाठवले दोनशे आणि बाकीचे दाबून बसला. पुढे हिशोब मागितला गेला तेव्हा भिऊन पळाला आणि बंडखोर ठरला. इथे पांढरा नाग नव्हता इतकेच.

शहरातल्या राणी दुर्गावती संग्रहालयात जरूर जा. कलचुरी काळातल्या मूर्ती पाहण्यासारख्या आहेत. भेडाघाटला चौसष्ट योगिनींचे देऊळ चुकवू नका. पायऱ्या बऱ्याच आहेत, वडीलधाऱ्यांना जपून न्या. नाव चौसष्टांचे असले तरी वर्तुळाकार ओवरीत एक्याऐंशी मूर्तींच्या जागा आहेत. बहुतेक मूर्ती भग्न, काहींच्या हातांत अजून शस्त्रे दिसतात. भाचीने इथे जेवढे प्रश्न विचारले तेवढे अख्ख्या प्रवासात विचारले नाहीत.

खरी तलवार, खोटी तलवार

जबलपूरचा मराठी माणसाशी संबंध जुना आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले. १७९८ पासून इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १८१७ अखेर इंग्रज आले. म्हणून २०२५ सालची एक बातमी इथल्या मराठी घरांतही कौतुकाने वाचली गेली असेल. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवली. खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सरळ, एकधारी, युरोपात घडवलेले पाते, त्यावर सोन्याचे काम आणि देवनागरीत रघूजींचे नाव ‘सेनासाहेबसुभा’ या पदवीसह. अशा विलायती पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. म्हणजे गोऱ्यांच्या देशातून पाते आले, मराठ्यांनी वापरले, ते पुन्हा गोऱ्यांच्या देशात गेले आणि पैसे मोजून परत आणावे लागले. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हणून आपण हसलो असतो.

आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. अफझलखानाच्या वधाच्या वेळी हीच वापरली गेली याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. तरीही ती पाहायला लोक गेले आणि जावेच. वस्तूपेक्षा तिच्याभोवतीची गोष्ट मोठी असते, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

पण मुलांच्या जगात गंगा उलटी वाहते आहे. आधी चित्रपट, मग त्यातली तलवार विकत, मग जमले तर पुस्तक. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या जगप्रसिद्ध कथेत राजाची मोडकी तलवार जोडून नवी होते. पुस्तकात हे पहिल्याच भागात, प्रवासाला निघण्याआधी उरकते. चित्रपटात ती तिसऱ्या भागात, २००३ साली, ऐन युद्धाच्या तोंडावर येते, कारण पडद्याला असा क्षण राखून ठेवावा लागतो. त्या चित्रपटातल्या तलवारींच्या हुबेहूब प्रती परदेशात रीतसर विकल्या जातात आणि हौशी मंडळी त्या भिंतीवर लावतात. हॅरी पॉटरच्या छड्या तर आपल्याकडेही मुलांच्या वाढदिवसांना पोहोचल्या आहेत. बिचाऱ्या पुस्तकाचा मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने कधीचा काढलेला आहे, हे छडी घेणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल?

संग्रहाची हौस वाईट नाही. मात्र जुन्या वस्तूंच्या नावाखाली पर्यटनस्थळी जे विकले जाते त्याबाबत सावध राहावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. धारदार लांब पात्याच्या तलवारीचा संबंध शस्त्रकायद्याशी येतो, तेव्हा घेण्याआधी चौकशी केलेली बरी. भेडाघाटच्या दुकानांतून मऊ दगडात कोरलेले हत्ती, देवमूर्ती, दिवे मिळतात. घासाघीस करायला लाजू नका. आम्हाला वाटले होते, अंकुशाची कथा ऐकल्यावर भाची दगडी हत्ती घेईल. तिने सहा मेलेली माणसे बोटांवर मोजून दाखवली आणि प्लॅस्टिकची तलवार मागितली. भाऊजींनी घेऊनही दिली.

सिवनीच्या वाटेवर

परतीच्या वाटेवर सिवनी लागते, जबलपूरपासून सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवर. किपलिंगचे ‘सीओनी’ ते हेच. विशेष म्हणजे किपलिंग मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मला, लाहोर-अलाहाबादला पत्रकारी केली, पण ‘जंगल बुक’ लिहिले अमेरिकेत, बर्फाळ व्हरमाँटमध्ये. हे रान त्याने घेतले ते पुस्तकांतून. रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीवरचे १८७७ चे शिकारवर्णन त्याच्या कामी आले. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकीकती कर्नल विल्यम स्लीमनने १८५२ साली छापल्या होत्या. हा तोच स्लीमन, ज्याने जबलपूरला ठाणे करून ठगांचा बंदोबस्त केला आणि १८२८ साली इथल्याच बडा सिमला टेकडीवर डायनासोरची हाडे गोळा केली. त्याच्या लांडगामुलांच्या कथा मात्र मुख्यतः अवधच्या आहेत, सिवनीच्या नव्हेत. म्हणजे न पाहिलेल्या रानात दुसरीकडची मुले आणि नर्मदेच्या मधमाश्या आणून किपलिंगने आपले जंगल उभे केले. त्याच्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मधली चित्रे त्याच्या वडिलांनी, लॉकवूड किपलिंग यांनी काढली. पुस्तकात साम्राज्याचा तोरा मधूनमधून डोकावतो आणि खेडूत माणसे बहुधा मूर्ख किंवा लोभी दिसतात. मुलांना वाचून दाखवताना तिथे थांबून बोलावे.

खुद्द रानाला या कौतुकाची फारशी पर्वा नाही. पेंचचे राष्ट्रीय उद्यान सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरले आहे आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातही त्याच नावाचे राखीव रान आहे. तुरिया हे मुख्य प्रवेशद्वार. या तुरियाला १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि तीन स्त्रिया व एक पुरुष अशी चार माणसे गेली. सफारीच्या घाईत तिकडे कुणी पाहत नाही. याच रानातल्या ‘कॉलरवाली’ वाघिणीने आठ वेळांत एकोणतीस बछड्यांना जन्म दिला. जानेवारी २०२२ मध्ये ती वारली तेव्हा गावकऱ्यांनी तिच्यावर रीतसर अंत्यसंस्कार केले. खवासा भागात महामार्ग बराच ठिकाणी उंच उचलला आहे, खालून जनावरांना जाता यावे म्हणून.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. हिवाळा सोयीचा, पण वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, मुख्य रान बंद असते आणि बुधवारी दुपारी सफारी नसते. परवाने आधीच काढून ठेवा आणि ओळखपत्रे जवळ असू द्या. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी फार वाजते, मुलांना कानटोपी हवीच. भेडाघाटची नौकाही पावसाळ्यात बंद असते.

पुस्तक इंग्रजीतून झेपत नसेल तर मराठी संक्षिप्त अनुवाद मिळतात. मात्र घेण्याआधी अनुक्रमणिका पाहा. अंकुशाची आणि रानकुत्र्यांची गोष्ट त्यात नसेल तर दुसरी आवृत्ती शोधा. आम्हाला त्या सकाळी वाघ दिसला नाही. उजाडता उजाडता तांबड्या रानकुत्र्यांची आठ-दहा जणांची टोळी मात्र रस्ता ओलांडून गेली, अगदी शिस्तीत, आमच्याकडे न पाहता. पुढच्या जिप्सीतले लोक वाघ नाही म्हणून हळहळत होते. आमच्या गाडीत एक प्लॅस्टिकची तलवार हळूच सीटखाली गेली आणि बराच वेळ कुणी बोलले नाही.